फितूर आणि गद्दार

'फितूर' म्हणजे 'गद्दार'चंच जुनं रूप, असं कुणी कुणी म्हणतं. अर्थ जवळ आलेत खरे, पण मुळं वेगळी. 'गद्दार' अरबी 'गद्र'पासून, म्हणजे दगा. त्यातलं द्वित्त (दुहेरी 'द्द') 'सतत दगा देणारा' असा जोर आणतं. 'गदर' (बंड) हा त्याच धातूचा. 'फितूर' मात्र अरबी 'फुतूर'वरून आला आणि त्याचा मूळ अर्थ नुसता ढिलेपणा, मंदावणं! उर्दूत तो बिघाड झाला, म्हणून आपल्या इंदूर-ग्वाल्हेरकडे हिंदीत 'दिमाग का फितूर' म्हणजे डोक्यातलं खूळ. इथली मराठी मुलं 'साक्षीदार फितूर झाला' ही बातमी वाचून गोंधळतात ते त्यामुळेच.

मराठीत हा शब्द निष्ठा ढळण्यावर स्थिरावला, आणि सोबत 'फितवणे' असल्यामुळे फितवणारा कुणीतरी गृहीतच असतो. गद्दाराला तशी गरज नाही. १८५७ च्या उठावात, १ जून १८५८ ला, ग्वाल्हेरजवळच्या मुरारपाशी तिथले राजे जयाजीराव शिंदे यांची बहुतेक फौज तात्या टोपे आणि झाशीच्या राणीच्या बाजूला गेली, तिला दरबाराच्या बाजूने 'फितली' म्हणणं चपखल. गद्दार नेमकं कोण, यावर ग्वाल्हेरात अजून भांडणं होतात.