सहा रविवारात कलेचा इतिहास: मोठ्यांसाठी असे कोर्स हवेत की नकोत?

सडेवाला:
आमच्या रत्नागिरीत मोठ्या माणसांसाठी कला आणि संस्कृतीचा शॉर्ट कोर्स निघालाय, सहा रविवार, फी दीड हजार, शेवटी सर्टिफिकेट. माझं मत, हवेतच असे कोर्स. आपल्या पिढीला चित्रकला म्हणजे एलिमेंटरी-इंटरमिजिएट, स्थिरचित्र, स्मरणचित्र, ग्रेड लागली की रंगपेटी माळ्यावर. चित्र बघायचं कसं हे कुणी शिकवलंच नाही, मग पन्नाशीत शिकावंसं वाटलं तर बिघडलं कुठे?

खाडीपलीकडचा:
पत्रक बघितलं मी. अजिंठा ते पिकासो, सहा रविवारात! हे म्हणजे लाल डब्यात बसून भारतदर्शन. एसी हॉल, स्लाइड, चहा-बिस्किट, ग्रुप फोटो, झालं. शिवाय त्यात कोकण कुठाय? दापोली तालुक्यात पन्हाळेकाजीला २९ लेणी आहेत, आधीची बौद्ध, मग वज्रयान म्हणजे तांत्रिक बौद्ध, मग शैव, मग नाथपंथ, एकाच नदीकाठी शेकडो वर्षांत माणसांची श्रद्धा कशी बदलत गेली ते दगडातच दिसतं, आणि आपण स्लाइडवर पिकासो बघणार.

सडेवाला:
मग कोर्स बदला म्हण ना, बंद कशाला? कशेळीच्या सड्यावर, म्हणजे जांभ्या कातळाच्या उघड्या पठारावर, पन्नास फुटांपेक्षा मोठा हत्ती कोरलाय, त्याच्या आत बाकीचे प्राणी. आमच्याकडची कित्येक माणसं त्या वाटेने जन्मभर गेली, पांडवांनी काढलंय म्हणून मोकळी झाली. कोकणातली कातळशिल्पं २०२२ ला युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आली तेव्हा कुठे गाड्या थांबायला लागल्या. आणि गाड्या थांबूनही दिसत नाही हं, भर दुपारी गेलात तर नुसता जांभा. सकाळी लवकर नाहीतर ऊन कलल्यावर जायचं, तिरप्या उजेडात खोबणीत सावली पडते आणि मग पाय, सोंड, पाठ अशी रेघ सुटी होत जाते. हे कुणीतरी सोबत उभं राहून सांगावं लागतं.

कुडाळची वैनी:
मला दोघांचंही पटत नाही. आमच्या कुडाळजवळच्या पिंगुळीच्या ठाकर लोकांची चित्रकथी घ्या, सुट्या चित्रांची पोथी, एकेक चित्र पुढे धरायचं आणि वीणा, टाळ, हुडूक (छोटं चर्मवाद्य) यांच्या साथीने गोष्ट गायची. तिथले चित्रकथी कलाकार परशुराम गंगावणेंना २०२१ ला पद्मश्री मिळाली, तिथे त्यांचं ठाकर आदिवासी कला आंगण आहे, जाऊन बसा की एक दिवस. ह्यो इतिहास काय पीपीटीत मावतलो? सावंतवाडीची गंजिफा, हाताने रंगवलेल्या पत्त्यांचा खेळ, पण तशीच. दशावतारी गंजिफाचे १२० गोल पत्ते, दहा अवतारांचे बारा-बारा, दिवसा रामाने सुरुवात रात्री कृष्णाने. हे खेळल्याशिवाय कसं कळणार? आणि कोर्सवाले कलाकाराला बोलावतात तेव्हा हातात काय देतात, शाल नि नारळ. मानधन विचारलं की सगळे गप्प.

खाडीपलीकडचा:
वैनी, हेच तर म्हणतोय.

सडेवाला:
नाही, तू वेगळं म्हणतोयस, तू बंदच करायला निघालायस. वैनी, मानधनाचं शंभर टक्के बरोबर. पण माझ्यासारखा माणूस एकटा पिंगुळीला गेला तर दोन फोटो काढून परत येतो, विचारायचं काय तेच सुचत नाही. आधी दोन तास कुणी चित्राची रेघ, रंग, गोष्टीचा क्रम समजावला तर तिथे बसून चार प्रश्न तरी विचारेन. आणि पिकासोवर राग कशाला, ठेवा की शेवटचा रविवार त्याला.

खाडीपलीकडचा:
ठेवा. पण सर्टिफिकेटचा खर्च काढून टाका आणि कलाकाराचं मानधन किती ते पत्रकावर छापा, मग फी भरतो.

कुडाळची वैनी:
आणि सड्यावरचा रविवार पावसाळ्यात लावू नका, गवतात नि पाण्यात कायच दिसूचा नाय.