एफ-२ व्हिसा : मुलाच्या दाखल्यावर माझं सासरचं नाव, पासपोर्टवर माहेरचं. मदत हवी आहे

नमस्कार, नवरा अमेरिकेत पीएचडी करतोय, तो एफ-१ वर (विद्यार्थ्याचा व्हिसा), मी आणि मुलगा (वय ६) एफ-२ वर (त्याच्या बायको-मुलांचा). बाबांची बायपास ठरली म्हणून घाईघाईत आम्ही दोघं नाशिकला आलो आणि इथे असतानाच व्हिसे संपले, आता परत जायला नव्याने काढायचेत. नवऱ्याचाही संपलाय, पण तो तिथेच आहे आणि आय-२० (विद्यापीठाचं प्रवेशपत्र) चालू आहे म्हणून त्याला राहायला अडचण नाही. इकडे आला तर मात्र त्यालाही स्टँपिंग (पासपोर्टवर नवा व्हिसा) करावं लागेल, म्हणून तो येत नाहीये.

माझं अडलंय नावावर. पासपोर्ट लग्नाआधीचा, त्यावर माझं नाव, बाबांचं नाव, माहेरचं आडनाव. मुलाच्या महापालिकेच्या जन्मदाखल्यावर आईचं नाव मात्र सासरचं, कारण हॉस्पिटलच्या फॉर्मवर सासूबाईंनी तसं लिहून दिलं होतं, आणि त्यांचंही काही चुकलं नाही, आपल्याकडे तसंच लिहितात. मागच्या वेळी कोणी विचारलं नाही, पण तेव्हा नवरा सोबत होता. आता व्हिसाच्या इंटरव्ह्यूत खिडकीसमोर मी एकटी असणार आणि ही आई हीच कशावरून असं विचारलं तर? लग्नाच्या दाखल्यावर दोघांची नावं आहेत, तेवढं पुरेल का? की अॅफिडेव्हिट, राजपत्र वगैरे करून ठेवू?

दुसरं, सप्टेंबर २०२५ पासून १४ वर्षांखालच्या मुलांनाही इंटरव्ह्यूला न्यावं लागतं म्हणतात. बीकेसीला (मुंबईतल्या अमेरिकन वकिलातीत) सकाळची वेळ मिळाली तर पंचवटी एक्सप्रेसने पोचणं शक्यच नाही, आदल्या दिवशी मुंबईत राहावं लागेल, बाबांना एकटं सोडून. कोणी नाशिकहून लहान मुलाला घेऊन गेलंय का अलीकडे?

प्रतिसाद : ताई, माझ्या बहिणीचं असंच होतं. लग्नाचा दाखला ओरिजिनल न्या. डीएस-१६० मध्ये (व्हिसाचा ऑनलाइन फॉर्म) आधी वापरलेली दुसरी नावं विचारतात, तिथे सासरचं नाव नक्की टाका. आणि नवऱ्याच्या आय-२० ची कॉपी, त्याच्या पासपोर्टची झेरॉक्स सोबत ठेवा. मोबाईल आत नेऊ देत नाहीत, सगळं कागदावर हवं.

खूप आभार दादा! फॉर्म अजून सबमिट केला नाहीये, आजच नाव टाकते. मुलाच्या फॉर्ममध्ये आईचं नाव पासपोर्टप्रमाणे लिहायचं की दाखल्याप्रमाणे, तेवढं बहिणीला विचारून सांगाल का?