बरोक चित्रकारांना कातडी सोललेली माणसं काढायची खरंच गरज होती का?

कोळसेवाला:
माझं मत आधी सांगतो, मग झोडपा. बरोक, म्हणजे सतराव्या शतकातल्या युरोपातल्या नाट्यमय शैलीच्या, चित्रांतला पिळदार, वळलेला, अंगावर कोसळणारा माणूस आला तो शरीररचनेच्या रेखाटनातून. १५८२ च्या सुमारास कार्राची या चित्रकार घराण्यातल्या मंडळींनी इटलीतल्या बोलोन्यात अकादमी काढली. तिथे कान, पाय, हात सुटे सुटे गिरवायचे, जिवंत मॉडेलवरून काढायचं, शिवाय हाडं-स्नायूही शिकायचे. चित्रकार चिगोलीने १६०० च्या सुमारास कातडी सोललेल्या माणसाचा मेणाचा पुतळा केला, पुढे त्याच्या ब्राँझमध्ये प्रती निघाल्या. चित्रकार पिएत्रो दा कोर्तोनाने तरुणपणी काढलेली शरीररचनेची चित्रं तर १७४१ मध्ये पुस्तकरूपाने छापली गेली. नुसतं बघून काढणाऱ्याचं हे काम नाही. छतावर उडणाऱ्या देवदूतासाठी मॉडेल म्हणून कोण लटकणार?

उजेड-अंधार:
साफ असहमत. त्याच काळातल्या इटालियन चित्रकार काराव्हाज्योचं खात्रीचं एकही रेखाटन सापडलेलं नाही. मॉडेल समोर उभं करायचं आणि थेट कॅनव्हासवर रंगवायचं. खालच्या थरात जागा धरायला ओढलेल्या चार रेघा, बस्स. याला वगळून बरोकची गोष्ट सांगून दाखवा.

कोळसेवाला:
तो अपवाद. आणि त्याची माणसं जमिनीवरच असतात.

उजेड-अंधार:
नेपल्समधलं 'दयेची सात कृत्यं' बघितलंय का? वरचे देवदूत एकमेकांत गुंतून खाली झेपावतायत.

पावसाळी दुपार:
दोघंही फ्लँडर्सच्या (आजचं बेल्जियम) चित्रकार रुबेन्सला विसरलात. त्याने सोललेल्या देहांची जबरदस्त रेखाटनं केली; त्यांतली काही १९८७ मध्ये उजेडात आली. पण पुतळ्यांवरून शिकण्याबद्दल त्यानेच बजावून ठेवलंय की रंगवलेल्या अंगाला दगडाचा वास येता कामा नये. गंमत म्हणजे काराव्हाज्योचं 'मेरीचा मृत्यू' चर्चवाल्यांनी नाकारल्यावर १६०७ मध्ये मांतुआच्या ड्यूकला ते घ्यायला लावणारा हाच रुबेन्स. म्हणजे स्नायू पाठ असलेल्यालाही दुसऱ्या वाटेची किंमत कळत होती.

डॉक्टरीणबाई:
मी मेडिकलच्या पोरांना डिसेक्शन शिकवते, म्हणून डच चित्रकार रेम्ब्रांटच्या १६३२ च्या 'डॉ. तुल्प' या चित्राचा विषय काढते; त्यात डॉ. तुल्प प्रेताचं विच्छेदन करून दाखवतायत. विच्छेदनाची सुरुवात पोटापासून व्हायची, कारण तोच भाग आधी सडतो. म्हणून तर हे जाहीर कार्यक्रम हिवाळ्यात ठेवत. चित्रात मात्र पोट शाबूत आणि हात उघडा! त्या हाताचे स्नायू नीट जागेवरून निघतात का, यावरही आमच्या विषयातले लोक वर्षानुवर्षं भांडतायत. तरी चित्र थोरच. मग शरीररचनेच्या ज्ञानाने नेमकं काय साधलं?

रेघ:
ही शाळा होती कोणासाठी, हेही बोला की. चित्रकर्ती आर्तेमिसिया जेंतिलेस्कीला १६१६ मध्ये फ्लॉरेन्सच्या अकादमीत प्रवेश मिळाला, पण नग्न पुरुष मॉडेलसमोर बसून काढायची मुभा बायकांना नव्हती. तरी तिच्या चित्रातल्या ज्युडिथचे, बायबलकथेत शत्रूच्या सेनापतीचं मुंडकं कापणाऱ्या बाईचे, दंड बघा. त्या सेनापतीला, होलोफर्नेसला, दाबून धरताना किती जोर लागतोय ते मनगटापर्यंत दिसतं.

कोळसेवाला:
रेघताई, मुद्दा मान्य. पण तिचा बाप चित्रकार, शिक्षण घरातच झालं. तेवढी सोय किती जणींना होती?
डॉक्टरीणबाई, ते चित्र सर्जनांच्या संघासाठी होतं आणि त्यांच्याच सभागृहात लागलं. हात अगदीच चुकला असता तर पहिली बोंब त्यांनीच मारली असती.

डॉक्टरीणबाई:
अहो, त्यांना हातापेक्षा स्वतःचे चेहरे महत्त्वाचे! मागच्या एकाच्या हातात कागद आहे ना, त्यावर मुळात शरीररचनेचं चित्र होतं. नंतर त्यावरच हजर मंडळींची नावं रंगवून टाकली.