बोटीतला मुलगा आणि ‘देवदूत’ हा शब्द

ब-२०३ (सकाळी ७.४०)
सर्वांना नमस्कार. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली, तेव्हा आम्ही गावभागातल्या जुन्या घराच्या माळ्यावर अडकलो होतो. एका अनोळखी मुलाने आमच्या दादांना पाठुंगळी घेऊन खिडकीतून बोटीत उतरवले, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. काल गच्चीवर बोलताना मी त्या मुलाला ‘देवदूत’ म्हणालो आणि क-३०२ च्या काकू नुसत्या हसल्या. काकू, हा शब्द तुमच्या ख्रिस्ती शास्त्रातला आहे. मी तो चुकीचा वापरला असेल तर कृपया समजावून सांगावे.

क-३०२, काकू (सकाळी ९.१५)
भाऊ, मी तुमच्या शब्दाला हसले नाही, मला आई आठवली. मिरजेत डॉ. वानलेस यांनी १८९४ मध्ये सुरू केलेल्या मिशन रुग्णालयात ती परिचारिका होती. बरा होऊन घरी निघालेला एखादा रुग्ण तिला ‘तुम्ही देवदूत आहात’ असे म्हणाला, की ती म्हणे, “अहो, आम्ही पगारी माणसे. देवदूताला रजेचा अर्ज लिहावा लागत नाही.” तिच्या या थट्टेत आमच्या श्रद्धेचा एक मुद्दा मात्र अगदी नेमका आला होता. ख्रिस्ती शिकवणीप्रमाणे देवदूत म्हणजे फार चांगला वागणारा माणूस नव्हे, आणि मेल्यानंतर माणूस देवदूत होतो असेही नव्हे. देवाने निर्माण केलेले ते वेगळेच, शरीर नसलेले आत्मे आहेत. लहान मूल दगावले की ‘देवाला आणखी एक देवदूत हवा होता’ असे लोक सांत्वन म्हणून लिहितात. त्यांची भावना मी समजू शकते, पण बायबलमध्ये तसे कोठेही म्हटलेले नाही, आणि ज्या आईचे मूल गेले तिला देवाची अशी गरज सांगणे मला तरी कठोर वाटते.

मूळ हिब्रू आणि ग्रीक शब्दांचा अर्थ निरोप्या एवढाच आहे. आपल्याकडे पटवर्धनांच्या दरबारातून पत्र घेऊन निघणारा जासूद डोळ्यांपुढे आणा. त्याचा मान त्याच्या पोशाखामुळे नसे, तो ज्याचा निरोप आणी त्याच्यामुळे असे. संत ऑगस्टीन यांनीही हेच सांगितले आहे, की ‘दूत’ हे त्यांच्या कामाचे नाव आहे आणि ‘आत्मा’ हे त्यांच्या स्वरूपाचे. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात गब्रीएल हा देवदूत नासरेथला येशूची आई मरीया हिच्याकडे येतो, निरोप सांगतो, तिच्या एका प्रश्नाचे उत्तर देतो, आणि तिने होकार दिल्यावर निघून जातो. त्याच्या पंखांचा तेथे उल्लेखसुद्धा नाही. यशया संदेष्ट्याला दर्शन झाले त्यातल्या सराफीम नावाच्या स्वर्गीय जीवांना सहा-सहा पंख आहेत हे खरे, पण अब्राहामाच्या तंबूशी भर उन्हाच्या वेळी आलेले पाहुणे साध्या माणसांसारखेच दिसत होते. ख्रिस्ती चित्रांतले देवदूतही पहिल्या काही शतकांत बिनपंखांचेच आहेत. नाताळात आपण मुलींच्या पाठीवर थर्माकोलचे पंख बांधतो, ते चौथ्या शतकानंतरच्या चित्रकारांचे देणे आहे.

अ-४०१, ताई (सकाळी १०.०५)
काकूंनी लिहिलेले मला मान्य आहे. फक्त आम्हा कॅथलिकांची एक गोष्ट त्यात राहिली. माझे माहेर वसईचे आहे. लहानपणी झोपण्यापूर्वी आई आमच्याकडून रक्षक देवदूताची प्रार्थना म्हणून घेत असे, आणि गादीवर थोडी जागा त्याच्यासाठी सोडायची म्हणून आम्ही बहिणी अंग चोरून झोपत असू. प्रत्येक माणसाच्या सोबतीला जन्मापासून मरणापर्यंत एक देवदूत असतो, अशी आमची श्रद्धा आहे, आणि २ ऑक्टोबरला रक्षक देवदूतांचा सण असतो. त्याच्या आधी, २९ सप्टेंबरला, मीखाएल, गब्रीएल आणि राफाएल या तिघांचा सण येतो. यांपैकी राफाएल मला सर्वांत जवळचा वाटतो, कारण तोबितच्या ग्रंथात तो एका तरुणाचा वाटाड्या म्हणून, खोटे नाव सांगून, कितीतरी मजल पायी चालतो. त्या तरुणाचा कुत्राही त्यांच्यामागून जातो. आंधळ्या बापाची दृष्टी परत आल्यावर घरचे लोक या वाटाड्याला मजुरी किती द्यावी याचा हिशोब करतात, तेव्हा कुठे तो आपण कोण आहोत हे सांगतो.

क-३०२, काकू (सकाळी १०.३०)
ताई, तोबितचा ग्रंथ आमच्या प्रोटेस्टंट बायबलमध्ये नाही, हे आमचे नुकसानच म्हणायचे. निदान त्या कुत्र्यासाठी तरी. प्रत्येकाला एकेक देवदूत नेमून दिलेला आहे, असे ठामपणे म्हणायला प्रोटेस्टंट धर्मसुधारक कॅल्विन तयार नव्हता. एकच पहारेकरी कशाला, सगळेच आपली राखण करतात, असा त्याचा रोख होता. तरीही या लहानांचे दूत स्वर्गात माझ्या पित्याचे मुख नित्य पाहतात, हे येशूचे बोल मत्तयाच्या अठराव्या अध्यायात आहेत, तेव्हा तुमच्या आईने जागा सोडायला लावली ती उगाच नव्हे. फरक पडतो तो प्रार्थनेपाशी. तुम्ही देवदूताकडे मध्यस्थी मागता आणि आम्ही ती मागत नाही. त्याची आराधना मात्र दोघेही करत नाही, कारण बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणात, योहान देवदूताच्या पाया पडू लागतो तेव्हा तो त्याला अडवतो आणि ‘मीही तुझ्यासारखाच दास आहे, नमन देवाला कर’ असे सांगतो.

ड-१०१ (दुपारी १२.२०)
काकू, आपला अनादर करण्याचा हेतू नाही, पण एक विचारल्याशिवाय राहवत नाही. ब-२०३ च्या दादांसाठी बोट आली. माझ्या चुलत्यांना त्याच आठवड्यात, त्याच पाण्यात, बोट मिळाली नाही. प्रत्येकाची राखण करणारा कोणी असेल, तर त्या रात्री माझ्या चुलत्यांचा राखणदार कोठे होता?

क-३०२, काकू (दुपारी ३.१०)
सर, उत्तर लिहायला वेळ लागला, क्षमा असावी. मी दोनदा लिहून पुसले.

प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात हेरोद राजा येशूच्या शिष्यांपैकी याकोबाला तलवारीने मारवतो आणि पेत्राला तुरुंगात टाकतो. रात्री देवदूत येतो, पेत्राच्या कुशीला ढोसून त्याला उठवतो, ‘कंबर बांध, वहाणा घाल’ असे सांगतो आणि पहाऱ्यातून बाहेर काढून रस्त्यावर सोडतो. अध्याय एकच, राजा एकच, आणि याकोबासाठी मात्र कोणी येत नाही. लेखकाने याचे कारण दिलेले नाही, आणि जे त्याने दिले नाही ते मी बनवून तुमच्यापुढे ठेवणार नाही. एवढे मात्र सांगते, की गेथशेमाने बागेत येशू ‘हा प्याला माझ्यापासून दूर कर’ अशी प्रार्थना करत होता, तेव्हाही देवदूत आल्याचे लूक लिहितो. प्याला दूर झाला नाही. देवदूताने येऊन त्याला बळ दिले, आणि दुसऱ्या दिवशी क्रूस होताच. देवदूत म्हणजे अपघात टाळणारी यंत्रणा, असे ख्रिस्ती शास्त्र कोठेही म्हणत नाही. तुमच्या चुलत्यांजवळ त्या रात्री कोणी नव्हते, असेही मी म्हणू शकत नाही.

ड-१०१ (दुपारी ३.४०)
आपण कारण बनवून सांगितले नाहीत, याबद्दल आभारी आहे.

ब-२०३ (सायंकाळी ६.५५)
काकू, म्हणजे तो मुलगा देवदूत नव्हता, असेच समजू ना? त्याचे नाव विचारायचेही आमच्याकडून राहून गेले.

क-३०२, काकू (सायंकाळी ७.२०)
भाऊ, तो माणूसच असावा, आणि तुम्हाला उचलून नेणाऱ्या माणसाला माणूस म्हणण्यात काही कमीपणा नाही. तरी पूर्ण खात्री मीही देणार नाही, कारण अनोळखी लोकांचा पाहुणचार करण्यास विसरू नका, तसे करताना कित्येकांनी नकळत देवदूतांचा पाहुणचार केला, असे इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात आहे. आणि नावाचे म्हणाल, तर बायबलमधल्या शास्तेच्या पुस्तकात मानोहा नावाच्या माणसाने दूताला नाव विचारले होते. त्याला ते सांगण्यात आले नाही.

ब-२०३ (सायंकाळी ७.३२)
पाहुणचार कसला, काकू. आमचा गॅस पाण्याखाली होता. दादांनी खिशातला ओला बिस्किटांचा पुडा पुढे केला, आणि त्या मुलाने त्यातली दोन घेऊन एक तोंडात टाकले व दुसरे मागे वल्हे धरून बसलेल्याच्या तोंडात घातले.