प्लास्टरआधी वीटकाम कसं तपासायचं?

घरकाम:
भिंती खिडकीच्या तळापर्यंत आल्यात. बाहेरच्या ९ इंची, आतल्या साडेचार. लांबून सगळं सरळच दिसतं. कच्चं काम ओळखायचं कसं, आणि काय दिसलं तर उतरवायला लावायचं?

ओळंबा:
लांबून सगळ्याच भिंती सरळ दिसतात. भिंतीला गाल लावून थराच्या ओळीवरून नजर टाका. आलेलं पोट, दोरी ढिली पडून लोंबलेला थर लगेच कळतो. मग ओळंबा, म्हणजे दोरीला बांधलेलं वजन, सोडा. ३ मीटर उंचीत ६ मिमीपर्यंत फरक ठीक. त्यापुढचा फरक प्लास्टरने झाकतात आणि जिथे थर जाड होतो तिथे ते पुढे तडकतं.

खरी चोरी उभ्या सांध्यात असते. आडव्यात माल (सिमेंट-वाळूचं मिश्रण) पसरल्याशिवाय वीट बसत नाही; उभ्यात मात्र बाहेरून थापीभर माल फासला की काम भागतं. दोन दिवसांच्या सांध्यात जाड तार खुपसा. सहज दोन इंच आत गेली तर पोकळी आहे. साडेचार इंची भिंतीमागे अंधारात बॅटरी धरली तर असल्या सांध्यांतून उजेड आरपार येतो. पावसाचं पाणीही त्याच वाटेने येतं.

सांधा साधारण १० मिमीचा हवा. कुठे ८, कुठे २० असेल तर थराची पातळी मालाने सावरली आहे असं समजा.

भिजवलेली वीट:
विटा भिजवल्या होत्या का, तेही बघा. कोरडी वीट मालातलं पाणी पिऊन टाकते. कालच्या थरातली वरची वीट हाताने उचला. ती स्वच्छ सुटली आणि माल खाली पापडासारखा राहिला, तर पकड आलेलीच नाही. उलट पाणी निथळणारी वीटही मालावर सरकते. भिजवून, वरचं पाणी सुकल्यावर लावायची.

आठवड्याचा सांधा खिळ्याने खरवडल्यावर वाळू गळत असेल तर सिमेंट कमी, पाणी मारलेलं नाही, किंवा घट्ट झालेला माल पुन्हा पाणी घालून वापरलाय. किमान ७ दिवस भिंत ओली राहिली पाहिजे, नुसता संध्याकाळी एक शिंतोडा नाही.

घरकाम:
एका कोपऱ्यात चार थर उभे सांधे एकावर एक आलेत. आतली भिंतही बाहेरच्या भिंतीला नुसती टेकवलीये.

ओळंबा:
दोन्ही उतरवा, माल ताजा आहे तोवर विटा शाबूत निघतील. सांधेमोड, म्हणजे खालच्या-वरच्या थरातल्या उभ्या सांध्यांमधलं अंतर, किमान पाव विटेची लागते. आतली भिंत एकाआड एक थराला दाते (बाहेर आलेल्या विटा) सोडून गुंतवायची, नाहीतर नेमकी तिथेच उभी भेग पडते. साडेचार इंचीला माल १:४ चा (एक भाग सिमेंट, चार भाग वाळू) घ्या. ९ इंचीला १:६ चालतो. आणि साडेचार इंचीत साधारण दर मीटर उंचीला सळया घातलेला काँक्रीटचा पट्टा आहे का, तेही विचारा.