अनुभव धागा: आयर्लंडमधलं रोजचं खाणं आणि चहा

आयर्लंडबद्दल मराठीत वाचायला मिळतं ते बहुतेक नोकऱ्या, व्हिसा आणि डब्लिनची घरभाडी यांबद्दल. तिथली माणसं घरी काय खातात, चहा कसा करतात, आल्यागेल्याचं कसं करतात, ते राहूनच जातं. तिथे राहिलेल्यांनी, कुणाच्या घरी जेवलेल्यांनी जरूर लिहा. पब आणि बिअरवर पुष्कळ झालंय, ते सोडून. सुरुवात मीच करते.

कॉर्क
आम्ही एका आजींच्या घरात वरच्या मजल्यावर भाड्याने राहायचो. त्यांचा चहा बघत बसावा असा. आधी चिनीमातीची किटली गरम पाण्याने विसळायची, ते पाणी ओतून द्यायचं, मग चहाच्या पिशव्या आणि त्यावर खळखळतं पाणी. वर विणलेली लोकरीची टोपी. त्यानंतर चार-पाच मिनिटं किटलीला कुणी हात लावायचा नाही. चहा चांगला काळाभोर उतरला की मग दूध. आलं नाही, वेलची नाही, पण आसामचा कडकपणा जिभेला लगेच ओळखू येतो.

कॉर्कचा चहा बॅरीज, तिथलीच 1901 पासूनची कंपनी. डब्लिनचा लायन्स. कोणता चांगला यावर माणसं अगदी मनापासून वाद घालतात. आजींचा नातू लंडनला परत निघाला की त्याच्या बॅगेत बॅरीजचा लाल खोका गेलाच पाहिजे.

गॉलवेजवळचं एक गाव
मी घरोघरी जाऊन वृद्धांची देखभाल करायचे. दारात पाऊल ठेवल्याबरोबर पहिला प्रश्न चहाचा.
"चहा घेणार ना?"
"नको, आत्ताच झालाय."
"अगं घे की, पाणी ठेवलंच आहे."
"बरं, अर्धा कप."
येतो तो भरलेला मग, सोबत बिस्किटं. पहिल्या नकाराला तिथे कुणी नकार समजत नाही, आणि पहिल्याच झटक्यात हो म्हणणं बरं दिसत नाही. मी सोलापूरची, मला हे शिकावं लागलं नाही!

शेतकऱ्यांच्या घरात मोठं जेवण अजून दुपारी असतं. संध्याकाळी सहाच्या सुमारास ब्रेड, लोणी, हॅम, उकडलेलं अंडं आणि पुन्हा चहा.

मेयो
शेजारचे आजोबा गेले तेव्हाचं सांगतो. त्यांना घरातच पुढच्या खोलीत ठेवलं होतं. माणसं रांगेने येत होती, घरच्यांचा हात हातात घेऊन दोन शब्द बोलत होती आणि आत स्वयंपाकघराकडे वळत होती. तिथला ताबा शेजारच्या बायकांनी घेतला होता. एक ब्रेडला लोणी लावतेय, दुसरी हॅम भरून त्रिकोणी तुकडे कापतेय, तिसरी कप विसळतेय. घरच्या कुणालाही त्यांनी ओट्याकडे फिरकू दिलं नाही. चहा घेतल्याशिवाय कुणाला जाऊ देत नव्हते. रात्री उशिरापर्यंत आजोबांच्या आठवणी निघत होत्या, मोठ्याने हसणंही चालू होतं. आपल्याकडे सुतकाच्या घरात चूल पेटत नाही, शेजारी पिठलं-भात आणून देतात. आधार तोच, फक्त तिथे तो त्याच घराच्या ओट्यावर उभा राहून दिला जातो. मला ते फार भावलं.

डब्लिन, शाकाहारी
मला तगवलं ते भाज्यांचं सूप आणि ब्राउन ब्रेडने. सूप चिकनच्या पाण्यात केलेलं नाही ना, एवढं विचारून घ्यायचं. ब्रेड तर घरी करण्यासारखा आहे: कोंड्यासकट गव्हाचं पीठ, मीठ, खाण्याचा सोडा आणि ताक. यीस्ट नाही, फार मळायचं नाही, वर सुरीने खोल फुली मारून भट्टीत. तिथला गहू मऊ, यीस्टने नीट फुगत नाही, म्हणून सोडा आणि ताक. गरम असताना वर लोण्याचा जाड थर.

बटाटा सालीसकट उकडतात. साल तडकून आतून पिठूळ निघाला तरच चांगला. रविवारच्या ताटात कुस्करलेले आणि भाजलेले असे दोन्ही बटाटे असतात, त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. आणि टेटो! 1954 पासूनचे चीज-कांद्याचे वेफर्स. पांढऱ्या ब्रेडला लोणी लावून मध्ये हे वेफर्स दाबायचे, की झालं सँडविच. ऑफिसात मोठे साहेबसुद्धा खातात.

वॉटरफर्ड
नर्सिंग होममधल्या एक आजी युद्धकाळातलं सांगायच्या. 1941 मध्ये ब्रिटनने पुरवठा आवळला आणि माणशी आठवड्याला अर्धा औंस, म्हणजे जेमतेम 14 ग्रॅम चहा मिळू लागला. त्यांची आई वापरलेली पत्ती वाळवून पुन्हा उकळायची. त्या आजी कपात थेंब ठेवायच्या नाहीत.

लिमरिक
हॅलोवीनच्या बार्मब्रॅकबद्दल कुणी लिहिलं नाही अजून. मनुका-बेदाणे घातलेला गोडसर ब्रेड, आत एक अंगठी लपवलेली. ज्याच्या तुकड्यात ती निघेल त्याचं वर्षभरात लग्न. घरी करतात तेव्हा बरेच जण मनुका रात्रभर कोऱ्या चहात भिजवतात. कुणी बिनअंड्याचा करून पाहिला असेल तर प्रमाण द्या, मुलीला या वर्षी करायचाय.