मदत हवी आहे: अकरा वर्षांनी रीलोडिंग पुन्हा सुरू करायचे आहे, पण जागा फक्त एका क्लॉजेटएवढी (भिंतीतल्या कपाटाएवढी) आहे

नमस्कार. मी ओहायोमध्ये राहतो आणि .३८ स्पेशलच्या रिव्हॉल्व्हरने कागदी लक्ष्यावर नेमबाजी करतो. २००८ ते २०१४ या काळात मी रीलोडिंग करत असे, म्हणजे झाडलेल्या काडतुसांच्या रिकाम्या नळ्या पुन्हा भरून माझी काडतुसे स्वतःच बनवत असे. मुलगी झाल्यावर ते सारे सामान खोक्यांत गेले आणि आता पुन्हा बाहेर काढायचे आहे. भारतातील वाचकांसाठी एक खुलासा आधीच करतो. अमेरिकेत स्वतःच्या वापरापुरती काडतुसे भरायला संघीय परवाना लागत नाही. भारतात मात्र १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार परवान्याविना दारूगोळा तयार करणे हा गुन्हा आहे. म्हणून हा प्रश्न अमेरिकेत राहून हा छंद करणाऱ्यांसाठीच आहे.

पूर्वी माझ्याकडे तळघरात आठ फूट लांबीचे टेबल होते. एका टोकाला प्रेस (हँडल ओढून काडतुसे तयार करायचे यंत्र), दुसऱ्या टोकाला तराजू आणि मध्ये मोकळी जागा, त्यामुळे पावडर (दारू) भरलेल्या आणि न भरलेल्या केस (काडतुसाच्या धातूच्या नळ्या) एकमेकींजवळ येण्याचा प्रश्नच नव्हता. आता भाड्याच्या घरात साधारण पाच फूट रुंद आणि अडीच फूट खोल असे एक क्लॉजेट मिळाले आहे. त्याला खिडकी नाही, खाली गालिचा आहे, आणि भिंतीला भोके पाडायला करारानुसार मनाई आहे. प्रेस जुनाच आहे, एका वेळी एकच काम करणारा. तो जाड फळीवर बोल्टने बसवून ती फळी घडीच्या कामाच्या स्टँडमध्ये आवळावी, असा माझा विचार आहे. केसला मूळ आकार देताना हँडलवर बराच जोर द्यावा लागतो. कार्बाइड डायमुळे (केसला आकार देणाऱ्या कठीण धातूच्या साच्यामुळे) वंगण लागत नाही हे खरे, तरीही अशा जोराने हलका स्टँड पुढे झुकतो का? ज्यांनी हे केले आहे त्यांनी खालच्या आडव्या पट्टीवर वजन ठेवले की आणखी काही उपाय केला, हे कळावे.

माझी खरी काळजी मात्र पावडर भरण्याच्या टप्प्याची आहे. .३८ स्पेशल हे काळ्या दारूच्या काळातले काडतूस असल्याने त्याची केस मोठी आहे आणि आजच्या धूररहित पावडरचे माप तिच्या तळाशी थोडीशीच जागा घेते. दोनदा पावडर पडली तरी ती बाहेर सांडत नाही, आणि अजिबात पडली नाही तरी गोळी बसवताना हाताला काही जाणवत नाही. २०११ मध्ये पावडर भरत असताना फोन आला, मी उठलो, आणि परत येऊन पुढच्याच केसपासून सुरुवात केली. त्या खेपेतल्या एका काडतुसात पावडरच नव्हती. ते झाडल्यावर नुसत्या प्रायमरच्या (केसच्या बुडाशी असलेल्या, पावडर पेटवणाऱ्या छोट्या टोपीच्या) जोराने गोळी बंदुकीच्या नळीत अडकली. आवाज वेगळा आल्याने मी थांबलो, म्हणून पुढची गोळी तिच्यावर आदळली नाही. तो क्षण मी विसरलेलो नाही.

तेव्हापासून पन्नास भोकांच्या ब्लॉकमध्ये सर्व केस उभ्या करून, गोळी बसवण्याआधी टॉर्चने प्रत्येकीत डोकावण्याची सवय मी लावून घेतली. पण आता एकाच फळीवर प्रेस, तराजू आणि ब्लॉक ठेवावे लागतील. प्रेस चालवताना बसणाऱ्या हादऱ्याने तराजूचा शून्य बिंदू सरकेल अशी मला शंका आहे. पावडरचे काम वेगळ्या दिवशी, प्रेस पूर्ण काढून ठेवून करावे का? केस अर्ध्याहून अधिक भरेल आणि दुप्पट पडल्यास लगेच ओसंडेल अशी फुगीर पावडर वापरण्याचा कोणाला अनुभव आहे का?

साठवणीबद्दलही विचारायचे आहे. एनएफपीए (अमेरिकेतील राष्ट्रीय अग्निसुरक्षा संघटना) हिच्या ४९५ या मानकानुसार घरात २० पौंडांपर्यंत धूररहित पावडर मूळ डब्यांत ठेवता येते आणि प्रायमरची मर्यादा १०,००० आहे. माझ्याकडे याच्या दहाव्या हिश्शाइतकेही नाही. पण या क्लॉजेटच्या भिंतीपलीकडे गॅसवर चालणारा वॉटर हीटर आहे. त्यामुळे पावडर शयनगृहाजवळच्या, मुलीचा हात पोचणार नाही अशा कुलूपबंद लाकडी कपाटात ठेवावी असे वाटते. लोखंडी हवाबंद पेटी मी मुद्दाम टाळतो, कारण आग लागल्यास अशा पेटीत दाब साचतो.

२०१३ चा एक उघडलेला डबाही निघाला आहे. त्याला आंबट वास येत नाही आणि आत तांबूस धूळही दिसत नाही. तो वापरावा की टाकून द्यावा? माझा कल टाकण्याकडे आहे.

शेवटचा प्रश्न शिशाचा. जुना प्रायमर काढताना आणि केस कोरड्या पद्धतीने घोळताना उडणाऱ्या धुळीत शिसे असते, आणि घरात मूल असताना बंद खोलीत ती धूळ मला नको आहे. म्हणून स्टीलच्या बारीक पिना घालून पाण्यात केस धुण्याचे ठरवले आहे, आणि गालिच्यावर सलग व्हिनाइल अंथरणार आहे, म्हणजे सांडलेली पावडर किंवा घरंगळलेला प्रायमर हाताने वेचता येईल. व्हॅक्यूम क्लीनर मी तिथे फिरवणार नाही. पण केस धुतल्यावर उरणाऱ्या गढूळ पाण्याचे तुम्ही काय करता? ते स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये ओतायचे नाही एवढे नक्की. साठवून धोकादायक कचऱ्याच्या संकलन केंद्रावर नेणारे कोणी असल्यास, ते पाणी कशात साठवता आणि केंद्रावर काय सांगून देता, हे कृपया सविस्तर लिहावे.